आपलं गाऱ्हाणं आपणच मांडा

बोईसरला तुम्ही कुठून आलात, याने मला काही फरक पडत नाही. जळगाव-धुळ्याकडून आला असाल, नांदेड-बीडकडून आला असाल. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आला असाल. जव्हार-मोखाड्यातून दिवाळीनंतर वीटभट्टीवर उतरला असाल. किंवा तुम्ही कुठून आलाच नसाल. तुमचं गावच प्रकल्पात गेलं आणि सरकारने दिलेल्या प्लॉटवर तुम्ही नवं घर बांधलं असेल. मोडलेलं बस्तान पुन्हा बसवायचं काम तुम्हा सगळ्यांच्या वाट्याला आलं आहे.

तुम्हाला एकच कळकळीचं सांगणं आहे. नव्या जागी तुमच्या वतीने दुसऱ्या कुणाला बोलू देऊ नका. ठेकेदाराला नको, खोलीमालकाला नको, निवडणुकीच्या तोंडावर येणाऱ्या दादालाही नको. मदत सगळ्यांची घ्या. पण बोला तुम्ही. सही तुम्ही करा. कागद तुमच्या घरात राहू द्या.

दुसरा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या सोयीचं तेवढंच बोलतो. खोलीमालक पाण्याबद्दल बोलेल, पण भाडेकराराबद्दल बोलणार नाही. ठेकेदार जेवणाची सोय सांगेल, पण हजेरीचं रजिस्टर दाखवणार नाही. त्यात वाईट हेतूच असतो असं नाही. त्याचं पोट वेगळ्या जागी भरतं, एवढंच.

आपल्या पालघर जिल्ह्याला परमुलखातून आलेली माणसं नवी नाहीत. बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरात गुंफा आहेत. संकटाच्या काळात आपला पवित्र अग्नी तिथे बारा वर्षं जपला, असं पारशी मंडळी सांगतात. त्यानंतर कितीतरी शतकांनी त्यांचेच धर्मबांधव इराणातून इकडे आले. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत ज्यांना आपण इराणी म्हणून ओळखतो, ती ही माणसं. त्यांची हकीकत नीट ऐका. तुमच्या कामाची आहे.

इराणात यझ्द आणि केरमानकडे जरथुष्ट्री लोकांचे फार हाल होते. त्यांच्यावर जिझिया कर होता. घोड्यावर बसायची बंदी. उंच घर बांधायची बंदी. 1796 मध्ये कैखुश्रू नावाचे एक गृहस्थ असेच जीव वाचवून मुंबईला आले. त्यांची मुलगी गुलिस्तान. तिचं लग्न मुंबईतल्या फ्रामजी भिकाजी पांडे यांच्याशी झालं. मागून येणाऱ्या निर्वासितांना या घराने आधार दिला. 1834 मध्ये त्यांच्या मुलाने मदतीचा निधी सुरू केला. 1854 मध्ये दुसऱ्या मुलाने इतरांना सोबत घेऊन इराणातल्या धर्मबांधवांसाठी संस्था उभी केली आणि माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवलं.

हातरियांनी तिथे काय केलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. गावोगाव फिरून आपले लोक किती उरले आहेत ते मोजलं. त्यांच्या अडचणी लिहून मुंबईला कळवल्या. यझ्द आणि केरमानच्या लोकांची त्यांचीच अंजुमन, म्हणजे त्यांची पंचायत, उभी केली. मुलांसाठी शाळा काढल्या. आणि जिझिया उठवावा म्हणून शहाच्या दरबारी विनंतीमागून विनंती करत राहिले. तो कर 1882 मध्ये उठला. म्हणजे 28 वर्षं लागली.

निर्वासित मुलीच्या घरातून सुरू झालेलं काम एका राज्याचा कर उठेपर्यंत चाललं. त्यांच्यापाशी पैसा होता, ओळखी होत्या, हे खरं. तुमच्यापाशी तेवढं नाही. पण मोजणं, लिहून ठेवणं, आपली पंचायत करणं आणि मागणी न सोडणं, या चार गोष्टींना पैसा लागत नाही.

मोजण्यापासूनच सुरुवात करा.

तुमच्या चाळीत, तुमच्या वसाहतीत किती घरं आहेत? शाळेत न जाणारी मुलं किती? गरोदर बायका किती? रेशन कार्ड कुणाकडे नाही? एक दोनशे पानी वही घ्या. एका रविवारी दोघी-तिघींनी घरोघर जाऊन हे लिहून काढा. सरकारी कार्यालयात "आमच्याकडे पाणी येत नाही" म्हटलं तर ऐकणारा मान हलवतो. "आमच्या चाळीत 42 घरं आहेत, नळ दोन आहेत आणि पाणी सकाळी वीस मिनिटं येतं" म्हटलं की तो पेन उचलतो.

मग कागद. घरात एक प्लास्टिकची फाईल करा. त्यात आधार, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, भाडेकरार, लसीकरणाचं कार्ड. कामावर असाल तर नेमणूकपत्र, पगाराची पावती, पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयसीचा नंबर. प्रत्येकाचा फोटो काढून गावाकडच्या एका विश्वासू माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा. पावसाळ्यात खोल्यांमध्ये पाणी शिरतं तेव्हा हा फोटोच कामाला येतो.

मूळ कागद कुणाच्या ताब्यात देऊ नका. "आधार माझ्याकडे ठेवा, काम सुटलं की परत देतो" असं कुणी म्हणालं तर झेरॉक्स द्या. मूळ आधार अडकलं की माणूसच अडकतो.

भाडेकरार मागायला संकोचू नका. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्रातल्या कायद्याने घरमालकावर टाकली आहे. तो कागद हातात आला की आधारवरचा पत्ता बदलणं, गॅस, बँक, मतदार यादी, सगळं सोपं होतं.

रेशनचं अनेकांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. तुमचं गावचं कार्ड अन्नसुरक्षा यादीत असेल, तर धान्य इथल्या दुकानातही मिळतं. वेगळं कार्ड काढावं लागत नाही. आधार जोडलेला असला आणि अंगठा लागला की झालं. थोडं धान्य तुम्ही इथे घ्या, उरलेलं गावी सासू-सासऱ्यांना उचलू द्या. तशी सोय आहे. दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर भांडू नका. त्याचं म्हणणं कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या.

आता ज्यांचं गावच उठलं, त्यांच्यासाठी थोडं वेगळं.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. भट्ट्या 2005 आणि 2006 मध्ये वीज देऊ लागल्या. पुनर्वसनाची भांडणं मात्र पुढे कितीतरी वर्षं उच्च न्यायालयापर्यंत चालली. अशा भांडणात ज्याच्या हातात कागद असतो, त्याचाच मुद्दा उभा राहतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण आता या जिल्ह्यात बुलेट ट्रेन आहे, द्रुतगती महामार्ग आहे, मालगाड्यांचा मार्ग आहे, आणि वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली आहे. प्रकल्प हवा की नको, यावर तुमचं मत काहीही असू द्या. घरातले कागद मात्र आजच गोळा करा.

सातबारा आणि आठ-अ काढून ठेवा. भूसंपादनाची नोटीस, संयुक्त मोजणीचा नकाशा, निवाड्याची प्रत, एकही कागद टाकू नका. मोजणीला माणसं येतील तेव्हा घरातलं जाणतं माणूस हजर हवं. पंचनाम्यात झाडं एकेक करून मोजून घ्या. आंबा, ताड, नारळ, चिकू, शेवगा, वेगवेगळे लिहून घ्या. "इतर झाडे" या दोन शब्दांत तुमची वीस वर्षांची मेहनत जाऊ देऊ नका. विहीर, बोअर, गोठा, गवताची माच, मासे सुकवायची जागा, जाळी ठेवायची खोपी, सगळ्यांचे फोटो काढा. फोटोत घरातलं माणूस उभं करा.

पंचनामा वाचल्याशिवाय सही नको. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला मोठ्याने वाचायला लावा. साहेब घाईत असतील. असू द्या.

मोबदल्याची रक्कम मान्य नसेल, तरी पैसे घेताना "हरकत राखून स्वीकारले" असं लिहूनच सही करा. वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करायची मुदत किती, हे त्याच दिवशी विचारा. ती फार मोठी नसते, आणि ती टळली की पुढे वकीलही हात वर करतो.

नव्या गावठाणात सरकारने द्यायच्या 18 नागरी सुविधा ठरलेल्या आहेत. पिण्याचं पाणी, शाळा, रस्ते, गटारं, वीज, स्मशानभूमी अशा. ती यादी पुनर्वसन कार्यालयातून मागून घ्या आणि वसाहतीच्या समाजमंदिरात भिंतीला लावा. जी सुविधा मिळाली तिच्यापुढे खूण करा, तारीख टाका. जिच्यापुढे खूण नाही, ती तुमची पुढची मागणी. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर सरकारी नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. दाखला कुटुंबातल्या एकाच्या नावाने होतो. तो कुणाच्या नावाने करायचा, हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा. मुलींचं नाव त्या बोलण्यात आलंच पाहिजे.

आपली पंचायत म्हणजे रहिवाशांचं मंडळ. ते करताना काही गोष्टी सांभाळा. दहा घरं पुरेत. अध्यक्षपदावरून भांडत बसू नका. पैसा एकाच्या हातात नको. वर्गणी दहा-वीस रुपयेच ठेवा, पण पावती द्या. अर्ध्या जागा बायकांना द्या. हे मी बायकांचं मन राखायला म्हणत नाही. पाणी, रेशन, शाळा, दवाखाना, या चारही रांगांत उभ्या त्याच असतात. कुठे काय अडतं ते त्यांनाच ठाऊक असतं. बैठकीची वेळ मात्र पाळी बघून ठरवा. रात्रपाळीवाल्याला सकाळी आठला बोलावलं तर तो येणार नाही, आणि मग "ही माणसं एकत्रच येत नाहीत" असं आपणच म्हणू.

वेगवेगळ्या मुलखातले लोक एकाच मंडळात घ्या. धुळ्याचं वेगळं, बिहारचं वेगळं, कोकणातलं वेगळं, असं केलंत तर सरपंचाला तीन मंडळं तीन दिशांना पाठवता येतात. नळ सगळ्यांचा एकच आहे.

आता अर्ज कसा लिहायचा ते सांगते. बरेच लोक इथेच बिचकतात आणि टायपिंगवाल्याला दोनशे रुपये देऊन येतात. साध्या कोऱ्या कागदावर, हाताने लिहिलेला अर्जही तेवढाच चालतो.

वर उजव्या कोपऱ्यात तारीख. मग "प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी" आणि गावाचं नाव. मग विषय, एका ओळीत: "अमुक चाळीसाठी सार्वजनिक नळ वाढवून मिळण्याबाबत". मग मजकूर. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि किती घरं. दुसऱ्यात अडचण, आकड्यांसह. तिसऱ्यात तुम्हाला नेमकं काय हवं. "योग्य ती कार्यवाही व्हावी" एवढ्यावर थांबू नका. "विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत आणखी दोन नळ बसवावेत" असं लिहा. खाली नावं, सह्या किंवा अंगठे, आणि एक फोन नंबर. राग, टोमणे, जुनी उणीदुणी काहीही नको.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. ही पोच. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असं समजा. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर हसून सांगा, "साहेब, पोच तेवढी द्या." तरीही दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा. पोस्टाची पावती हीच तुमची पोच.

एक महिना वाट बघा. मग स्मरणपत्र. त्यात जुन्या अर्जाचा आवक क्रमांक घाला. तरी हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा: आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय केलं? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. पालघर हा 1 ऑगस्ट 2014 पासून स्वतंत्र जिल्हा आहे. पूर्वीसारखं ठाण्याला जावं लागत नाही. लोकलने दोन स्टेशनं गेलात की पालघर.

ग्रामसभेला जा. बोईसर भागातल्या निम्म्या अडचणी तिथेच सुटण्यासारख्या आहेत. वर्षाला चार तरी ग्रामसभा होतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास चौकशी करत राहा. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते. ती घेतली का, कधी घेतली, हे बायकांनी विचारावं.

ग्रामसभेत बोलायचा हक्क गावच्या मतदाराला असतो. म्हणून नाव इथल्या यादीत आणा. पहिल्यांदा नाव घालायचं तर फॉर्म 6. गावाकडे नाव आहे आणि इथे आणायचं आहे तर फॉर्म 8. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही मतदार होता येतं. दोन ठिकाणी नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे. गावची निवडणूक सुटेल म्हणून जीव तुटतो, मी समजू शकते. पण वर्षातले दहा महिने तुम्ही ज्या रस्त्याने चालता, तो रस्ता करणारा सरपंच इथला आहे. नेपाळहून आलेल्या घरांना मतदान नाही. पण त्यांच्या मुलांना शाळा, लस आणि अंगणवाडी आहे. त्यांना मंडळात घ्या आणि त्यांचं म्हणणं तुमच्या मतदारांनी सभेत मांडा.

सभेत पहिल्यांदा उभं राहताना पाय लटपटतात. आदल्या दिवशी घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघा. एका वेळी एकच मुद्दा. बोलून झालं की "हे इतिवृत्तात लिहून घ्या" म्हणा. सभेत टाळ्या पडल्या आणि इतिवृत्तात ओळ आली नाही, तर पुढे दाखवायला हातात काही नसतं.

भाषेचं म्हणाल तर मराठी शिका. जे परराज्यातून आले त्यांना मी हे प्रेमाने सांगते, धाकाने नाही. ग्रामसभा मराठीत चालते, नोटीस मराठीत येते, दवाखान्यातली नर्स मराठीत समजावते. तुमच्या पोरांना ती आधीच येते. रोज रात्री जेवताना त्यांच्याकडून पाच वाक्यं शिका. आणि मराठी माणसांनो, समोरचा चुकत बोलला तर लगेच हिंदीत वळू नका, हसूही नका. त्याला त्याचं वाक्य पुरं करू द्या. आपली वाडवळी, मांगेली, वारलीही शहरी माणसाच्या कानाला वेगळीच लागते.

पोरांच्या शाळेत एक दिवसही घालवू नका. शाळा सोडल्याचा दाखला आला नाही, जन्मदाखला नाही, जूनचे प्रवेश संपले, या कारणांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा असतो. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवत असतील तर मुख्याध्यापकांशी शांतपणे बोला. वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी निघण्याआधी गावच्या गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत मूल बसतं आणि परत गेल्यावर त्याचं वर्ष मोडत नाही. लहान भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीला घरी ठेवू नका. जवळची अंगणवाडी शोधा. अंगणवाडीला तुमचं गाव कुठलं याच्याशी देणंघेणं नाही.

कारखान्याबद्दल थोडं कडक बोलते. तारापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, औषधांचे आहेत, लोखंडाचे आहेत, कापडाचे आहेत. आग आणि स्फोट इथे नवे नाहीत. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी कोळवडेजवळच्या स्फोटात माणसं गेली. अशा वेळी पहिला प्रश्न येतो: आत कोण होतं? ज्याचं नाव रजिस्टरला नाही, त्याच्या घरच्यांना तो आत होता हेच आधी सिद्ध करावं लागतं. विचार करा, गावाकडून आलेली त्याची बायको हे कसं करणार?

म्हणून पहिल्या दिवशीच नेमणूकपत्र मागा. पगार बँकेत घ्या. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल आणि तुमचा कारखाना ईएसआयमध्ये येत असेल तर ईएसआय लागू होतं. तुमच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. एवढ्याशा कपातीत घरच्या सगळ्यांचं औषधपाणी होतं. कामावर अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना पगाराच्या 90 टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा पैसे मिळतात. पगारातून कपात होते आणि कार्ड मात्र मिळालेलं नाही, असं असेल तर आजच विचारा. कंत्राटी असाल तरी हक्क तोच आहे. रोज कामाला निघताना आज कुठल्या प्लॉटवर, कुठल्या कंपनीत जातोय, हे घरी सांगून जा. प्लॉट नंबर फोनवर पाठवला तरी पुरे. घरच्यांनीही तो विचारावा.

आणखी एक गोष्ट सांगताना मन जड होतं, पण सांगितलीच पाहिजे. 16 एप्रिल 2020 च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हातून मारले गेले. चोर आले आहेत, मुलं पळवणारे आले आहेत, अशा अफवा त्या दिवसांत पसरल्या होत्या. परक्या माणसाच्या भीतीतून काय होतं, ते आपण पाहिलं. म्हणून असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. अनोळखी माणूस दिसला तर 112 ला फोन करा. गावकरी आणि बाहेरून आलेले, दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एकमेकांची दोन-दोन माणसं असू द्या. अफवा आली की लगेच विचारता येतं: अरे, हा तुमच्या चाळीतला आहे का?

नुसतं स्वतःपुरतं मागू नका. इथे पुन्हा इराण्यांकडे वळते. डहाणूला औष्णिक वीज प्रकल्प आला तेव्हा नर्गिस इराणी आणि त्यांच्या सहकारी कितायून रुस्तम यांनी डहाणूतल्या लोकांना घेऊन न्यायालयाचा रस्ता धरला. वाड्या त्यांच्याही होत्या. पण त्यांनी हवा, शेती, खाडी, आदिवासींची जंगलं, सगळ्या तालुक्याचा प्रश्न मांडला. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या. प्रकल्प झाला. त्या थांबल्या नाहीत. त्याच वर्षी 20 जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. 1996 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. त्या प्राधिकरणाने पुढे वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. त्या धुरातून वाचलेली हवा सगळ्यांचीच होती. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही सगळ्या पट्ट्याच्या नावाने.

म्हणून तुमच्या चाळीसाठी नळ मागाल तेव्हा मागच्या आदिवासी पाड्याचं नावही त्याच अर्जात घाला. अंगणवाडीची खोली मागाल तेव्हा गावातल्या दोन जुन्या घरांच्या सह्या घ्या. ते लगेच सही देणार नाहीत. "तुमच्यामुळे पाणी पुरत नाही, गर्दी वाढली, भाडी वाढली" असंही ऐकून घ्यावं लागेल. ऐका. त्यात थोडं तथ्य आहे. मग म्हणा, "बरोबर आहे, म्हणूनच टाकी मोठी मागू या."

आता चार शब्द इथल्या जुन्या घरांसाठी. तुम्ही खोल्या भाड्याने देता, दुकान चालवता, वडा-पाव विकता. तुमचा संसार या येणाऱ्यांवर चालतो. डिपॉझिट घेतलंत तर पावती द्या. करार करा, पोलिसांत भाडेकरूची नोंद द्या. त्यात तुमचंच रक्षण आहे. वीजबिल वाटून घेता तेव्हा मीटरचं बिल दाखवा. ग्रामसभेची नोटीस चाळीच्या जिन्यात लावा. गणपतीची वर्गणी मागायला जाता, तसंच सभेचं आमंत्रण द्यायलाही जा. आणि नवं माणूस बोलायला उभं राहिलं तर "हा कुठला?" असं मागून ओरडू नका.

दोन्हीकडच्यांना शेवटची सोय सांगते. कोर्टकचेरीची वेळ आली तर पैशाअभावी अडून राहू नका. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले लोक, यांना कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. फोन नंबर 15100. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याखाली 112, आणि अडचणीतल्या मुलांसाठी 1098. मग जवळच्या अंगणवाडी सेविकेचा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा नंबर विचारून घ्या. वही कुणाच्या घरी ठेवायची ते पहिल्या बैठकीतच ठरवा. दर तीन महिन्यांनी ती दुसऱ्या घरी जाऊ द्या.